न वाचणारा मुलगा आणि भोपळ्यातली म्हातारी

‘मुलगा हुशार आहे, पण पुस्तक हाती धरीत नाही, काय करावे?’ अशा आशयाचे पत्र ज्या महिन्यात आमच्या टपालात नसते असा महिना विरळाच. पत्र कधी आईचे असते, कधी काकांचे, कधी खुद्द आजोबांचे. आणि त्यातला सूर असा असतो की, जणू घराण्यावर काही किटाळच आले आहे. या पत्रांना आम्ही आजवर दिलेली उत्तरे परवा पुन्हा चाळून पाहिली, तेव्हा मनाशी थोडे ओशाळलो. मुलास पहाटे उठवावे, रोज दहा ओळी मोठ्याने वाचून घ्याव्या, थोर पुरुषांची चरित्रे हाती द्यावी, हा आमचा ठरीव काढा. तो कडू होता याबद्दल आमची तक्रार नाही. औषध कडू असावयाचेच. पण त्याने गुण येतो की नाही, हे आम्ही जातीने कधी पाहिले नव्हते. गेल्या गणेशोत्सवात ते पाहण्याचा योग आला. ती हकीकत वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे, म्हणून हे लिहीत आहो.

रायगड जिल्ह्यात तळा म्हणून गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूर लागते, तेथून आत वळले की भातखाचरे आणि लाल मातीच्या चढउतारांतून रस्ता तळ्यास येतो. गावाच्या डोक्यावर गड आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे बारा किल्ले शिवाजीमहाराजांकडे राहिले, त्यांत या गडाची गणना होती. गडाच्या पायथ्याशी आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे घर आहे. पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, आत माजघर, मागे पडवी. तिघे भाऊ, दोघे गावीच राहतात, एक मुंबईस. घरची वडीलधारी म्हणजे माई. वय ऐंशीच्या पलीकडे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, परंतु आवाज खणखणीत. गणपतीचे पाच दिवस सारे कुटुंब एकत्र जमते, आणि चुलत, मावस, आत्ये मिळून दहाबारा मुलांचा घरात नुसता धुमाकूळ असतो.

मधल्या भावाचा मुलगा नऊ वर्षांचा. घरात त्यास सगळे बाळच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. आरत्या त्याच्या तोंडपाठ. गणपत्यथर्वशीर्ष तर तो असे स्वच्छ म्हणे की, ऐकणाऱ्याने मान डोलवावी. पण दुपारी मुलांस रांगेत बसवून एकेक परिच्छेद वाचावयास सांगितला की याची पाळी येण्याच्या सुमारास यास हटकून तहान लागे. एकदा धरून बसविले, तेव्हा तीन ओळींस त्याने पाच मिनिटे घेतली आणि शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या चुलतबहिणीने प्रत्येक शब्द त्याच्या आधी सांगून टाकला. मुले हसली. बाळही हसला, पण ते हसू पाहून आमच्या पोटात कालवले.

त्याच्या वडिलांचा तर्क सरळ होता. “एवढे संस्कृत पाठ होते, मग मराठी वाचायला काय होते? आळस, दुसरे काही नाही.” पुढील जूनपासून मुलास शहरातील वसतिगृहाच्या शाळेत ठेवावयाचे, असे त्यांनी जवळजवळ ठरविले होते. शाळेच्या माहितीपत्रकाची घडी झोपाळ्याच्या उशीखाली असे. मुलाच्या आईने या बाबतीत आमच्यापाशी चकार शब्द काढला नाही; मात्र ती माहितीपत्रक रोज उचलून फडताळात ठेवी आणि ते रोज कोणीतरी पुन्हा उशीखाली आणून ठेवी.

आता आमचा अपराध. दोन वर्षांपूर्वी याच मुलाच्या वाढदिवसास आम्ही एका थोर पुरुषाचे चरित्र भेट म्हणून धाडले होते. कापडी बांधणी, बारीक टाईप, चित्र म्हणाल तर मुखपृष्ठानंतर एकही नाही. ते पुस्तक कोठे आहे म्हणून आम्ही सहज विचारले. मुले गप्प झाली. मग कळले की, कॅरमच्या फळीचा एक पाय मोडला असून तेथे ते गेली दोन वर्षे इमानेइतबारे उभे आहे. आम्हांस राग आला हे कबूल करतो. पण फळी अगदी समतोल होती हेही कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली, तेव्हा मुलांस घेऊन आम्ही कुड्याची लेणी पाहावयास गेलो. मांदाडजवळ, खाडीकडे तोंड करून असलेल्या डोंगरात ही सव्वीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत. इतर मुले दगडी हत्तींपाशी रमली. बाळ मात्र एका भिंतीपुढे उभा राहून बोटाने अक्षरे चाचपीत होता. “येथे काय लिहिले आहे?” त्याने विचारले. आम्ही सांगितले की, ही ब्राह्मी लिपी आहे आणि लेण्यास ज्यांनी दान दिले त्यांची नावे या लेखांतून कोरली आहेत; त्यांत कोणी फुलांच्या माळा करणारा आहे, कोणी लोखंडाचा व्यापारी आहे. “माळ्यानेसुद्धा नाव लिहून ठेवले?” असे म्हणून तो पुन्हा त्या ओळीकडे पाहत राहिला. परतताना आम्ही मनाशी म्हटले, हा अक्षरांचा वैरी नव्हे. अक्षरे त्याची परीक्षा घेतात तेव्हाच तो त्यांच्यापासून पळतो.

त्याच संध्याकाळी मुंबईच्या धाकट्या काकूंनी पिशवीतून एक पातळसे पुस्तक काढले. ‘म्हातारी आणि भोपळा’ ही आपली जुनीच गोष्ट. सोळा पाने, प्रत्येक पानभर रंगीत चित्र आणि खाली ठळक अक्षरांत दोन किंवा तीन ओळी. ते त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी आणले होते. काकू मोदकांच्या उकडीत गुंतल्या होत्या, म्हणून बाळास म्हणाल्या, “तू जरा हिला चित्रे दाखव.” वाच म्हणाल्या नाहीत. आमच्या मते सारे रहस्य येथेच आहे.

गोष्ट त्यास वाचावी लागणारच नव्हती. माईंच्या तोंडून ती त्याने शंभर वेळा ऐकली होती. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत कोल्हा भेटतो, मग वाघ भेटतो. ‘आता माझ्या अंगावर मांस नाही, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा’ म्हणून ती दोघांस चकविते आणि येताना भोपळ्यात बसून गडगडत घरी येते. त्याने पहिले पान उलटले आणि सांगू लागला, “मग तिला भेटला कोल्हा.” चिमुरडी म्हणाली, “हा तर वाघ आहे.”

खरोखरच चित्रात वाघ होता.

बाळ थबकला. आत माजघरात माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्यांस त्याने हाक मारून विचारले, “माई, आधी कोल्हा ना?” माई म्हणाल्या, “कोल्हाच! आधी वाघ भेटला तर गोष्ट तिथंच नाही का संपणार? चित्रवाल्यानं घोळ केला असेल. खाली काय लिहिलंय ते बघ.”

त्याने खाली पाहिले. बोट ठेवून, एकेक अक्षर लावीत, त्याने ती ओळ वाचली. ओळीतही वाघच होता. “माई, पुस्तकातही चूक आहे!” हे वाक्य त्याने अशा काही आनंदाने उच्चारले की, ओटीवरची मंडळी आत पाहू लागली. नऊ वर्षे ज्या पुस्तकांनी त्यास चुकीचा ठरविले, त्यांतील एक आज स्वतःच चुकताना त्याच्या हाती सापडले होते. माईंनी जपमाळ खाली ठेवली. “आणखी काय काय खोटं लिहिलंय ते वाच बघू. मला दिसत नाही, नाहीतर मीच धरलं असतं.”

मग तो वाचू लागला. पुस्तकातली म्हातारी लेकीकडे पुरणपोळ्या खाते असे निघाले. माईंची म्हातारी फणसाची सांदणे आणि तूपभात खात असे. पुस्तकातली लेक ‘दूरच्या गावी’ राहत होती. माईंच्या गोष्टीत ती मांदाडला राहते आणि वाटेतले रान म्हणजे आमच्या गडाचेच रान. प्रत्येक फरकावर माई “हे खोटं” म्हणत आणि तो “पुढं ऐका” म्हणे. एका चित्रात भोपळ्याच्या भोकातून म्हातारीचा चष्मा तेवढा बाहेर डोकावत होता. तो पाहून मुले इतकी हसली की, वाचन थांबवावे लागले. आणखी एक गंमत त्या चिमुरडीने शोधून काढली: प्रत्येक पानावर कोठेतरी एक कावळा होता. ओळींत त्याचा उल्लेख नव्हता. पण सारा प्रकार तो पहिल्यापासून पाहत होता. मग कावळा शोधण्यासाठी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाले. सोळा पाने बाळाने दोनदा वाचली. त्याचे वडील झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा मात्र केव्हाच थांबला होता.

यात जादू काही नाही. कारणे साधी आहेत आणि ती प्रत्येक गृहिणीस समजण्यासारखी आहेत.

आपली देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते बव्हंशी खरेही आहे. पण नव्या वाचकास तिच्यात दोनचार अवघड वळणे आहेत. ‘शिकार’ या शब्दात इकार ‘श’च्या आधी लिहावयाचा आणि नंतर उच्चारावयाचा. ‘गर्व’ म्हणताना र आधी येतो, पण त्याचा रफार जाऊन बसतो पुढल्या ‘व’च्या डोक्यावर. शिवाय जोडाक्षरे. आमच्या त्या थोर चरित्राचे पहिले पान आम्ही घरी येऊन मुलाच्या दृष्टीने वाचून पाहिले. ‘कर्तव्यनिष्ठ’, ‘स्वातंत्र्योत्सुक’ असे शब्द तेथे ओळीओळीस होते आणि प्रत्येक एकदाच भेटून निघून जात होता. ओळख व्हावी कशी? उलट भोपळ्याच्या गोष्टीत म्हातारीचा ‘म्ह’, कोल्ह्याचा ‘ल्ह’ आणि भोपळ्यातला ‘ळ्य’ ही तीन जोडाक्षरे पानोपानी परत येतात. पहिल्या खेपेस बाळाने ‘कोलहा’ वाचले. तिसऱ्या खेपेस अक्षर त्याच्या ओळखीचे झाले होते. लोककथेत तेच बोलणे पुन्हा पुन्हा येते. सांगणाऱ्याच्या स्मरणासाठी ती सोय झाली असेल. वाचावयास शिकणाऱ्याच्या ती आयतीच उपयोगी पडते.

दुसरे कारण हसण्याचे. जेथे हसावयाची मुभा आहे तेथे चुकावयाचीही मुभा असते. तिसरे असे की, ते पुस्तक धाकटीचे होते. ‘तुझ्या वयाला हे पोरकट आहे’ असे म्हणावयास कोणास जागाच नव्हती; मोठेपणाने धाकटीस दाखविताना मोठ्याची लाज झाकली गेली.

रात्री पाने मांडली तेव्हा वडिलांनी आक्षेप काढलाच. “पाठ असलेली गोष्ट चित्रे पाहून म्हणणे, याला वाचन म्हणायचे का?” आक्षेप अगदीच पोकळ नाही. आम्ही त्यांस एवढेच विचारले की, पंचतंत्र कशासाठी रचले गेले? महिलारोप्याचा राजा अमरशक्ती याचे तिन्ही पुत्र शास्त्रांस विटलेले होते. ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्याने त्यांस सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निष्णात करण्याची प्रतिज्ञा केली, ती कशाच्या बळावर? कोल्हे, माकडे, कावळे आणि कासवे यांच्या गोष्टींच्या बळावर. न वाचणारा मुलगा हा आजच्या काळाचा नवा रोग नव्हे; आपल्या वाङ्मयातले एक अजरामर पुस्तक त्याच्याचसाठी जन्मास आले. वडील हसले. माई आतून म्हणाल्या, “तूही नवव्या वर्षी ‘कोलहा’च म्हणायचास.” यावर मात्र पंगतीत कोणी बोलले नाही.

आणि ही भोपळ्याची गोष्ट तरी केवढी फिरलेली! बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० मध्ये मुलांसाठी ‘टुनटुनीर बोई’ हा लोककथांचा संग्रह काढला. त्यातली कुबडी म्हातारी नातेवाइकांकडून परतताना अशीच भोपळ्याच्या कवचात बसून येते. इराणातही ती आहे. तेथे तिला वाटेत लांडगा आणि सिंह गाठतात आणि तीही भोपळ्यातूनच निसटते. म्हणजे आधी कोल्हा की आधी वाघ, सांदणे की पुरणपोळी, हा तळ्याच्या माजघरातला वाद खरे पाहता पुष्कळ देशांचा वाद आहे, आणि त्यात चूक कोणाचीच नाही. ही गोष्ट बाळास सांगितली तेव्हा तो जरा खट्टू झाला. पुस्तक चुकले आहे हीच समजूत त्यास अधिक प्रिय होती. आम्ही ती फार ताणून मोडली नाही.

आपल्याकडे मुलांच्या वाचनाची काळजी वाहणारे लोक पूर्वीपासून आहेत. वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक १९०६ साली सुरू केले. परंतु चित्रांच्या पुस्तकांची आबाळ फार दिवस राहिली. १९१४ मध्ये किंकेड साहेबांनी आपल्या घराघरांतून ऐकल्या जाणाऱ्या कहाण्यांचे पुस्तक काढले, त्यास चित्रे होती धुरंधरांची. पण भाषा होती इंग्रजी. आपली कहाणी, आपला चित्रकार, आणि आपल्या मुलास मात्र ते पुस्तक वाचता येऊ नये! आज ती स्थिती राहिलेली नाही. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त, सचित्र पुस्तके मराठीत मिळतात. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे. माधुरी पुरंदरे यांनी लिहून आणि स्वतः चित्रे काढून केलेली, ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तके पाहिली म्हणजे आपल्या घरातली माणसे, भांडी, भांडणे इतक्या प्रेमाने कागदावर उतरू शकतात याचे नवल वाटते; त्यांस २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला. प्रथम बुक्स या संस्थेने तर २०१५ पासून शेकडो सचित्र गोष्टी आंतरजालावर विनामूल्य ठेवल्या आहेत. तेव्हा ‘पुस्तकेच नाहीत’ ही सबब आता चालावयाची नाही.

पत्र लिहिणाऱ्या मातापितरांस आमचे आता एवढेच सांगणे आहे. प्रथम मुलाचे डोळे तपासून घ्यावे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मठ्ठ ठरलेली मुले पुष्कळ असतात. डोळे निर्दोष असूनही आणि खूप दिवस सोबत बसूनही अक्षरे जुळतच नसतील, तर तो आळस समजू नये. हुशार मुलांसही वाचनापुरती अशी अडचण असू शकते आणि ती ओळखून शिकविणारे तज्ज्ञ आता आहेत. त्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. पुस्तक निवडताना गोष्ट मुलाच्या कानावरून गेलेली असावी, अक्षर ठळक असावे, ओळी थोड्या असाव्या, आणि चित्रात असे काहीतरी असावे की जे ओळींत सांगितलेले नाही. पुस्तक वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. चुकलेला शब्द भावंडांनी आधीच सांगू नये. पाच पळे वाट पाहावी. आणि घरात लहान मूल असेल तर त्यास दाखविण्याचे काम या मुलाकडे द्यावे. नसेल, तर ज्यांची दृष्टी अधू झाली आहे अशी आजी किंवा आजोबा बहुतेक घरांत असतातच. त्यांस वाचून दाखविणे हा अभ्यास नव्हे. ती गरज आहे, आणि आपली कोणास गरज आहे हे मुलास चटकन कळते.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी बाळाने एका जुन्या वहीची कोरी पाने फाडून शिवली आणि ‘खरी गोष्ट’ या नावाचे पुस्तक स्वतःच केले. त्यात आधी कोल्हा आहे, सांदणे आहेत, मागे तळ्याचा गड आहे, आणि प्रत्येक पानावर कावळा आहे. माई सांगत आणि तो लिही. ‘म्हातारी’ हा शब्द त्याने चार तऱ्हांनी लिहिला असून त्यांतील एक तऱ्हा बरोबर आहे. त्याच्या वडिलांनी ते पुस्तक चाळले, लाल शाईची लेखणी खिशातून काढली, आणि तशीच परत खिशात ठेवली.

दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले. वसतिगृहाचा विचार एक वर्षापुरता पुढे ढकलला आहे. माईंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन त्यांस आता बऱ्यापैकी दिसते; पण हे त्यांनी नातवास अद्याप पुरते सांगितलेले नाही, म्हणून वाचून दाखविणे चालू आहे. आतापर्यंत सात पुस्तके झाली, सारी पातळ, सारी हसण्याची. शाळेतले वाचन अजून अडखळतच होते. पण तहान लागत नाही. आमच्या चरित्रास मात्र अद्याप कोणी हात लावलेला नाही. ते अजून कॅरमच्या फळीखालीच आहे, आणि फळीस नवा पाय करून घेण्याची घाई करू नये असे आम्ही उलट टपाली कळविले आहे.

आमच्या वाचकांच्या घरोघरी अशी एखादी माई असेल, आणि तिची म्हातारी दुसऱ्याच कोणत्या वाटेने, दुसरेच काही खाऊन घरी येत असेल. ती गोष्ट पुढल्या सुट्टीत मुलांकडून लिहवून घ्यावी. शुद्धलेखन मागाहून पाहता येईल. माई मागाहून भेटतीलच असे नाही.